‘वायरलेस माऊस म्हणजे हार पक्की’: त्या फॉरवर्डला मुद्द्यांनिशी उत्तर

गेल्या काही आठवड्यांपासून कोल्हापुरातल्या गेम खेळणाऱ्या पोरांच्या ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. लिहिणाऱ्याचं नाव नाही. वर मथळा, ‘प्रो प्लेअर तुम्हाला हे कधीच सांगणार नाहीत’. आत काय आहे ते थोडक्यात सांगतो. वायरलेस माऊसवर खेळलात तर हार पक्की, कारण सिग्नल हवेतून येतो. वायरलेसमुळे पिंगसुद्धा वाढतो. सगळ्यात वेगवान म्हणजे जुना गोल पिनेचा पीएस/२ माऊस. तो नसेल तर यूएसबी माऊसला हिरवा कन्व्हर्टर लावा. तेही जमत नसेल तर माऊस निळ्या यूएसबी ३.० पोर्टात खुपसा, सोन्याचा मुलामा दिलेल्या पिनेचा घ्या आणि डीपीआय (माऊस इंचभर सरकला की कर्सर किती सरकतो तो आकडा) शेवटपर्यंत वाढवा. सर्वांत खाली ‘साध्या माऊसचा गेमिंग माऊस’ करायचा उपाय: बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, जाऊन सिक्युअर बूट बंद करा, विंडोजची मेमरी इंटिग्रिटी बंद करा, टेस्ट मोड चालू करा आणि दिलेल्या लिंकवरचा ड्रायव्हर टाका.

मी राजारामपुरीत कॉम्प्युटर जोडायचं आणि दुरुस्तीचं काम करतो. असले मेसेज येतात, मी सोडून देतो. हा मात्र थेट बहिणीच्या घरात शिरला. बारावीतल्या भाच्यानं तो खरा मानला आणि करायला घेतला. म्हणून आता एकदाचं सगळं लिहून काढतोय.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो. बाकीचे मुद्दे ऐकून फार तर दोन-चारशे रुपये जातील. हा ऐकला तर घरातला सगळा डेटा जाऊ शकतो.

भाच्याकडं साधा वायरचा माऊस आहे, कुठल्याही ऑफिसात असतो तसला. मेसेजमध्ये सांगितल्याप्रमाणं त्यानं बायोस उघडून सिक्युअर बूट बंद केलं. लॅपटॉप पुन्हा सुरू झाला तो निळ्या पडद्यावर येऊन थांबला: ४८ अंकी रिकव्हरी की टाका. कसली की, कुठली की, घरात कुणालाच ठाऊक नाही. बाप-लेक दोघं लॅपटॉप घेऊन माझ्याकडं आले. “मामा, मी फक्त माऊस फास्ट करत होतो,” भाचा म्हणाला. दाजींची मार्केट यार्डात गुळाची अडत आहे. “पाडव्याच्या मुहूर्तापासनंचा सगळा हिशेब हाय त्यात,” एवढंच बोलले आणि खुर्चीत बसून राहिले.

झालं होतं ते असं. विंडोज ११ च्या नव्या लॅपटॉपांवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं साइन इन केलं की बहुतेक वेळा डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते. ती उघडायची किल्ली बोर्डावरच्या टीपीएम नावाच्या चिपमध्ये असते. मशीन नेहमीच्याच पद्धतीनं सुरू होतंय अशी खात्री पटली तरच चिप किल्ली देते. सिक्युअर बूट चालू आहे की बंद, हे त्या खात्रीतलंच एक. तुम्ही ते बंद केलंत की चिपच्या दृष्टीनं कुणीतरी मशीनशी छेडछाड केली, आणि ती किल्ली अडवून धरते. चिपचं काहीच चुकत नाही, ती चोरासाठीच तिथं ठेवलेली आहे. मग उरते ती ४८ अंकी की, आणि ती असते मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये. दाजींच्या लॅपटॉपवरचं अकाउंट विकणाऱ्या दुकानदारानंच घाईघाईत काढून दिलेलं होतं, पासवर्ड कुणालाच माहीत नव्हता. नंबर दाजींचा दिलेला होता म्हणून ओटीपी आला, अकाउंट उघडलं आणि की सापडली. नंबर दुकानदाराचा असता तर पाडव्यापासूनचा हिशेब त्या डिस्कमध्येच राहिला असता. हे सगळं कशासाठी, तर माऊस फास्ट करायला!

फुलेवाडीतल्या एका पोरानं तर सगळ्या पायऱ्या पार केल्या होत्या. त्याचा पीसी सुटे भाग जोडून बनवलेला होता, डिस्क एन्क्रिप्ट नव्हती, त्यामुळं निळा पडदा आला नाही. डेस्कटॉपच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात ‘टेस्ट मोड’ अशी अक्षरं आली, ड्रायव्हर बसला, आणि व्हॅलोरंट हा नेमबाजीचा ऑनलाइन गेम उघडायला गेला तर व्हॅनगार्डनं दारातच अडवलं. “गेम उघडंनाच झालाय,” ही त्याची तक्रार. बरोबरच आहे. व्हॅलोरंटचं व्हॅनगार्ड हे चीट पकडणारं सॉफ्टवेअर विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट दोन्ही चालू असल्याशिवाय गेम सुरूच होऊ देत नाही. ज्यानं हा मेसेज लिहिला त्यानं स्वतः एकदा तरी करून बघितलं असतं तर हे त्याला पहिल्या पाच मिनिटांत कळलं असतं. व्हॅलोरंट जिंकायचा उपाय म्हणून पोरांना जे दिलंय, त्यानं व्हॅलोरंटच बंद पडतो.

आणि गेम बंद पडणं हा त्यातला सगळ्यात किरकोळ तोटा. सिक्युअर बूटचं काम एवढंच, की विंडोज सुरू व्हायच्या आधी जे जे चालतं त्यावर ओळखीची सही आहे का ते बघायचं. मेमरी इंटिग्रिटी आणि ड्रायव्हरची सही तपासणं ही त्याच्या आतली दारं. टेस्ट मोड म्हणजे सही कुणाचीही चालेल असं विंडोजला सांगणं. ही सगळी दारं एकामागून एक काढायची आणि मग अनोळखी लिंकवरचा ड्रायव्हर आत घ्यायचा. ड्रायव्हर हा साधा प्रोग्रॅम नसतो, तो विंडोजच्या गाभ्यात बसतो. त्याला तुमचं टायपिंग दिसतं, बँकेचा पासवर्ड दिसतो, अँटिव्हायरस बंद करता येतो. त्या लिंकवरची फाइल चांगली होती की वाईट, हा प्रश्नच नाही. आज चांगली असलेली फाइल उद्या कुणी बदलली तर ती ओळखायची सोय तुम्ही स्वतःच्या हातानं काढून टाकलेली असते. घरात एकच कॉम्प्युटर, त्यावरच पोराचा गेम, आईचं लाइट बिल आणि वडिलांचं नेटबँकिंग. अशा घरात हा उपाय पाठवणाऱ्याला मी अजिबात माफ करू शकत नाही.

आता त्यातलं जेवढं खरं आहे तेवढं कबूल करतो. साध्या यूएसबी माऊसचा वेग ड्रायव्हरच्या युक्तीनं वाढवता येतो, ही गोष्ट खोटी नाही. हा वेग म्हणजे पोलिंग रेट: कॉम्प्युटर माऊसला सेकंदातून किती वेळा विचारतो, ‘हललास का?’ ऑफिसचा माऊस सहसा १२५ हर्ट्झचा, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी एकदा. गेमिंग माऊस १००० हर्ट्झचा, दर १ मिलिसेकंदानं एकदा. केएमटीची बस दर आठ मिनिटांनी असेल तर स्टॉपवर कधीही गेलं तरी सरासरी चार मिनिटं थांबावं लागतं, तसंच इथंही: १२५ हर्ट्झला सरासरी ४ मिलिसेकंद वाट, १००० हर्ट्झला अर्धा. फरक साडेतीन मिलिसेकंदांचा. भाच्याच्या लॅपटॉपचा पडदा ६० हर्ट्झचा आहे, तो नवं चित्र दर १६.७ मिलिसेकंदांनी दाखवतो. त्या साडेतीन मिलिसेकंदांसाठी दाजींचा हिशेब पणाला लागला. बरं, वायरचा १००० हर्ट्झचा गेमिंग माऊस आज फार महागही राहिलेला नाही. तो पेटीतून काढून लावला की विंडोजच्या कशालाही हात न लावता १००० वर चालतो.

तो विषय संपला. आता पीएस/२.

मेसेजमधलं वाक्य असं: ‘यूएसबी माऊस सीपीयूची परवानगी मागत बसतो, पीएस/२ माऊस थेट इंटरप्ट देतो, म्हणून शून्य डिले.’ पहिलं अर्ध बरोबर आहे. यूएसबीत माऊस स्वतःहून बोलत नाही, कॉम्प्युटर विचारेल तेव्हाच उत्तर देतो. पीएस/२ मध्ये माऊस स्वतः डेटा पाठवतो आणि इंटरप्ट येतो, म्हणजे ‘हातातलं काम थांबव, इकडं बघ’ असा प्रोसेसरला इशारा. पण ‘शून्य डिले’ कुठून आलं? इंटरप्ट आला म्हणजे डेटा पोचला असं नाही, तो वायरीतून सरकायला वेळ लागतो. आयबीएमनं पीएस/२ हे पोर्ट १९८७ मध्ये आणलं, आणि त्याचं घड्याळ तेव्हाच्या गरजेपुरतं आहे: १० ते १६.७ किलोहर्ट्झ. प्रत्येक बाइटमागं ११ बिट जातात. सुरुवातीचा एक, डेटाचे आठ, चूक तपासायचा (पॅरिटीचा) एक, शेवटचा एक. चाक असलेला माऊस एका हालचालीला चार बाइट पाठवतो. म्हणजे ४४ बिट. घड्याळ सगळ्यात वेगात धरलं तरी २.६ मिलिसेकंद, हळू असेल तर ४.४. याउलट १००० हर्ट्झच्या यूएसबी माऊसची वाट बघायची कमाल मुदतच १ मिलिसेकंद आहे, आणि १२ मेगाबिटच्या वायरीतून त्याचा रिपोर्ट काही मायक्रोसेकंदांत जातो. थोडक्यात, ‘परवानगी मागत बसणारा’ माऊस काम आटोपून मोकळा होतो तेव्हा ‘थेट’ माऊसचा डेटा अजून वायरीतच असतो.

त्यातही पीएस/२ माऊस हलला रे हलला की लगेच बोलतो असं नाही. त्याचा स्वतःचा ठरलेला वेग असतो. मुळात सेकंदाला १००, वाढवून जास्तीत जास्त २००. म्हणजे पाच मिलिसेकंदांतून एकदा.

ही अफवा उगवली कुठून तेही सांगतो, कारण तिच्या मुळाशी एक जुनी खरी गोष्ट आहे. यूएसबी माऊस नवे होते तेव्हा ते सगळे १२५ हर्ट्झचे असायचे आणि पीएस/२ माऊस २०० वर नेता यायचा. त्या काळी क्वेक किंवा काउंटर-स्ट्राइक खेळणाऱ्यांनी पीएस/२ सोडला नाही, ते योग्यच होतं. पण १००० हर्ट्झचे यूएसबी माऊस आले तेव्हा तो हिशेब उलटला, आणि त्याला आता कितीतरी वर्षं झाली. कीबोर्डच्या बाबतीत पीएस/२ वर हव्या तितक्या कळा एकदम दाबता येतात, तो मुद्दाही लोक माऊसला चिकटवतात. माऊसशी त्याचा संबंध नाही.

हिरव्या कन्व्हर्टरचं तर बोलायलाच नको. त्याच्या आत काही नसतं, फक्त चार तारा इकडच्या तिकडं जोडलेल्या. माऊसच्या आतल्या चिपला यूएसबी आणि पीएस/२ अशा दोन्ही भाषा येत असतील तरच तो चालतो. जुन्या माऊसांना येत, आजच्या बहुतेक गेमिंग माऊसांना येत नाहीत. कन्व्हर्टर लावला की माऊस मेल्यासारखा पडून राहतो, आणि मग पोरं मदरबोर्ड बिघडला म्हणून कॅबिनेट उचलून आणतात. मदरबोर्ड खरंच बिघडायचा मार्गही मेसेजमध्येच आहे: ‘गेम चालू असताना बदलून बघा, फरक लगेच जाणवेल.’ पीएस/२ चालू मशीनवर काढ-घाल करण्यासाठी बनवलेलंच नाही. नवे बोर्ड सहसा सहन करतात, जुन्या बोर्डांवर त्या पोर्टचा फ्यूज उडतो, आणि मग तिथं कीबोर्डही चालत नाही.

आता ज्या वाक्यावरून माझ्या या लेखाचा मथळा झाला ते. ‘सिग्नल हवेतून येतो, म्हणून उशीर.’

रेडिओ सिग्नल प्रकाशाच्या वेगानं जातो. माऊसपासून डोंगलपर्यंतचं, म्हणजे यूएसबी पोर्टात लावायच्या त्याच्या छोट्या रिसीव्हरपर्यंतचं, एक मीटर अंतर कापायला त्याला साधारण ३ नॅनोसेकंद लागतात. मिलिसेकंद म्हणजे दहा लाख नॅनोसेकंद. हवा उशीर करत नाही. उशीर होतो तो माऊस किती वेळा पाठवतो त्यावर आणि पाठवलेलं पहिल्याच फटक्यात पोचतं की नाही त्यावर. इथं ‘वायरलेस’ म्हणून सगळे एकाच रांगेत उभे केलेत, तीच या मेसेजमधली मोठी गफलत. वायरलेसमध्ये तीन वेगवेगळे प्रकार आहेत आणि त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पहिला ब्लूटूथ. आतापर्यंतच्या बहुतेक ब्लूटूथ लो एनर्जी माऊसांत दोन बोलण्यांमधलं अंतर ७.५ मिलिसेकंदांपेक्षा कमी होत नाही, म्हणजे सेकंदाला फार तर १३३ रिपोर्ट. बॅटरी वाचवायला पुष्कळदा त्याहूनही कमी. यावर नेम धरायचा खेळ खेळू नये, हे मी स्वतः सांगतो. दुसरा प्रकार ऑफिसचा डोंगलवाला स्वस्त वायरलेस. त्याचा वेग सहसा १२५ हर्ट्झच्या आसपास, आणि जरा वेळ हात काढला की झोपतो. तिसरा गेमिंगसाठी बनवलेला २.४ गिगाहर्ट्झचा डोंगल. हा १००० हर्ट्झवर चालतो, गर्दी दिसली की चॅनल बदलतो, आणि वायरच्या माऊसशी तुलना केली तर खेळताना हाताला फरक कळत नाही.

लॉजिटेकनं २०१६ मध्ये जी९०० हा वायरलेस माऊस आणला तेव्हापासून ‘वायरलेस म्हणजे मागं’ हा समज मोडायला लागला. २०१८ मध्ये जी प्रो वायरलेस आला, ८० ग्रॅमचा. २०१९ मध्ये रेझरचा व्हायपर अल्टिमेट, ७४ ग्रॅम. २०२० मध्ये लॉजिटेकचाच जी प्रो एक्स सुपरलाइट, ६३ ग्रॅमच्या आत. काउंटर-स्ट्राइक आणि व्हॅलोरंटच्या मोठ्या स्पर्धांत आज बहुसंख्य खेळाडूंच्या हातात वायरलेसच दिसतो. ‘प्रो कधीच सांगणार नाहीत’ म्हणे! त्यांच्या टेबलावर कॅमेरा असतो, कुणीही बघावं. ते वायर का टाळतात तेही साधं आहे. वायर पॅडवर घासते, टेबलाच्या कडेला अडते, हळू सेन्सिटिव्हिटीवर हात लांब ओढताना मध्येच खेचते. ती खेच हाताला जाणवते. अर्धा मिलिसेकंद जाणवत नाही.

एक सांगून ठेवतो. हल्ली पुष्कळ माऊसांत ब्लूटूथ आणि डोंगल दोन्ही असतात आणि पोटाखाली एक छोटं बटण असतं. लोक डोंगल खोक्यातच ठेवतात, ब्लूटूथवर जोडतात आणि ‘वायरलेस भंगार आहे’ म्हणतात. आधी माऊस उलटा करून ते बटण बघा.

वायरलेसवर पोरांचा अविश्वास का बसतो, त्याचं एक कारण मात्र खरं आहे आणि ते मला मान्य करावं लागतं. कर्सर कधीकधी खरंच अडखळतो. दोष मात्र हवेचा नाही. इंटेलनं एप्रिल २०१२ मध्ये याच विषयावर एक तांत्रिक टिपण प्रसिद्ध केलं: यूएसबी ३.० मुळे २.४ गिगाहर्ट्झच्या वायरलेस उपकरणांना होणारा रेडिओ त्रास. यूएसबी ३.० सेकंदाला ५ गिगाबिटनं डेटा पाठवतं, आणि त्या वेगाचा रेडिओ गोंगाट २.४ ते २.५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही सांडतो. नेमकं तिथंच माऊसचं डोंगल ऐकत बसलेलं असतं. इंटेलनं यूएसबी ३.० ची हार्ड डिस्क जोडून मोजलं तर त्या पट्ट्यातला गोंगाट जवळपास २० डेसिबलनं वाढला. म्हणजे शंभर पट. डोंगल त्या डिस्कच्या शेजारच्या पोर्टात असेल तर माऊसचा आवाज त्यात बुडतो, पॅकेट पुन्हा पाठवावं लागतं, आणि तुम्हाला कर्सर अडखळलेला दिसतो. उपायही त्यातच आहे: पोर्ट आणि वायर नीट शील्ड केलेली हवी, आणि अँटेना त्या गोंगाटापासून लांब ठेवायची.

शाहूपुरीत लग्नाचे व्हिडिओ एडिट करून देणाऱ्या एकांकडं हे मी समोर दाखवलं. कॅबिनेटच्या मागं निळ्या पोर्टात बाहेरची हार्ड डिस्क, शेजारच्याच पोर्टात माऊसचं डोंगल. कॉपी सुरू केली की टाइमलाइनवर कर्सर झटके देत पळायचा, कॉपी संपली की शहाण्यासारखा वागायचा. ते दोन माऊस बदलून बसले होते. मी डोंगलला हातभर एक्स्टेन्शन वायर लावून ते टेबलावर, माऊस पॅडच्या पुढ्यात आणून ठेवलं. कॉपी चालू असतानाच झटके थांबले. गेमिंग माऊसच्या खोक्यात ही छोटी वायर आणि डोंगल ठेवायचा टेकू पुष्कळदा दिलेलंच असतं. पोरं ते कचऱ्यात टाकतात.

याच टिपणानं मेसेजमधला निळ्या पोर्टाचा सल्लाही निकालात निघतो. माऊस निळ्या पोर्टात लावला म्हणून वेगवान होत नाही. त्या पोर्टात जुन्या यूएसबीच्या चार पिना आणि ३.० च्या पाच जादा पिना असतात, माऊस जुन्या चारच वापरतो. वायरचा माऊस कुठंही लावा, फरक शून्य. वायरलेसचं डोंगल मात्र निळ्या पोर्टांच्या घोळक्यात खुपसलंत तर उलट बिघडेल.

‘वायरलेस माऊसमुळे पिंग वाढतो’ हे वाचून मला खरंच कळेना की लिहिणाऱ्याला पिंग म्हणजे काय ते माहीत आहे की नाही. पिंग म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरपासून गेमच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ. माऊस त्या रस्त्यावर येतच नाही. व्हॅलोरंटचा सर्व्हर मुंबईत आहे. कोल्हापूर-मुंबई पावणेचारशे किलोमीटर धरा, जाऊन-येऊन साडेसातशे. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे रस्ता अगदी सरळ असता तरी पावणेचार मिलिसेकंद लागणारच. गेममध्ये दिसणारा आकडा त्याच्या कितीतरी पट असतो, कारण मध्ये राउटर आहेत, कंपनीचं वळसे घालत जाणारं जाळं आहे, आणि सगळ्यात वाईट म्हणजे घरातलं वायफाय आहे. राउटर पुढच्या खोलीत, पोरगं माडीवर, मध्ये दगडी भिंत, आणि राउटरचाही पट्टा २.४ गिगाहर्ट्झ. त्यात यूएसबी ३.० चा गोंगाट लॅपटॉपच्या वायफायलाही त्रास देऊ शकतो, तेवढ्यापुरता या मुद्द्याचा सत्याशी संबंध जोडता येईल. वायर लावायचीच असेल तर ती राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत लावा. लॅन केबल टाकून दिल्यावर ‘माझा नेम सुधारला’ म्हणणारी पोरं मी बघितली आहेत.

सोन्याची पिन: यूएसबीवरून जातो तो डिजिटल डेटा. तो एक तर बरोबर पोचतो, नाही तर तपासणीत चूक पकडली जाऊन पुन्हा मागवला जातो. मुलामा गंज अडवतो, वेग वाढवत नाही. तो बऱ्याच पिनांना आतून असतोच.

डीपीआय: तो जोडणीचा विषयच नाही. शेवटपर्यंत वाढवलात तर बोट हललं तरी कर्सर भिंतीवर जाऊन आदळेल. ४०० ते १६०० च्या दरम्यान हाताला जमेल तो ठेवा आणि बदलत बसू नका.

काही जण आता ८००० हर्ट्झबद्दल विचारतात, म्हणून तेही. तांत्रिकदृष्ट्या ते खरं आहे. हाय-स्पीड यूएसबीत १२५ मायक्रोसेकंदांचे तुकडे असतात, त्यामुळं सेकंदाला ८००० रिपोर्ट शक्य होतात. पण १००० वरून ८००० वर गेल्यावर सरासरी वाट अर्ध्या मिलिसेकंदाहून कमीनं घटते, आणि प्रत्येक रिपोर्टमागं प्रोसेसरला काम लागतं. साध्या मशीनवर त्यानं उलट गेमचं चित्र अडखळतं. पडदा २४० हर्ट्झच्या वरचा आणि प्रोसेसर तगडा असल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

पैशाचं म्हणाल तर भाच्याला मी वायरचाच माऊस घ्यायला सांगितला. मेसेजशी माझं एवढ्यावर जुळतं, पण कारण वेगळं आहे. त्याच पैशात वायरमध्ये चांगला सेन्सर मिळतो, बॅटरी आणि रेडिओचा खर्च वाचतो. हातात जास्त पैसे असते तर डोंगलवाला वायरलेस घे म्हणालो असतो. आणि त्याहून जास्त असते तर आधी १४४ हर्ट्झचा पडदा, कारण तिथं १६.७ चे ७ मिलिसेकंद होतात. माऊसच्या सगळ्या खटाटोपात मिळून तेवढा फरक पडत नाही.

तुमच्या घरात कुणी हा मेसेज आधीच करून बसलं असेल तर घाईनं बायोसमध्ये जाऊन सगळं उलटं फिरवू नका. आधी मायक्रोसॉफ्ट अकाउंट उघडून रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. एन्क्रिप्शन चालू असेल तर सिक्युअर बूट परत चालू करतानाही ती मागितली जाऊ शकते. महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढा. मग तो ड्रायव्हर काढून टाका. टेस्ट मोड बंद करून मशीन रीस्टार्ट करा आणि कोपऱ्यातली अक्षरं गेली आहेत ना ते बघा. त्यानंतरच बायोसमध्ये सिक्युअर बूट चालू करा, परत येऊन विंडोज सिक्युरिटीतून मेमरी इंटिग्रिटी चालू करा आणि तिथलाच ऑफलाइन स्कॅन एकदा चालवा. बँकेचे आणि मेलचे पासवर्ड बदला, पण ते दुसऱ्या मशीनवरून किंवा फोनवरून. यातलं काही अडलं तर जवळच्या माहितगार माणसाकडं मशीन घेऊन जा आणि काय काय केलं होतं ते त्याला खरं सांगा. पोरं रागाच्या भीतीनं अर्धंच सांगतात आणि दुरुस्तीचा निम्मा वेळ तेच शोधण्यात जातो.